२६ करडं झाली, ११ गेली. वही उघडून बसलोय, जरा बघता का?

कोरडवाहू | १२ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माण तालुक्यात आमच्या १४ शेळ्या आहेत. बहुतेक उस्मानाबादी रक्ताच्या, दोन-तीन गावठी. दिवसा माळावर, रात्री गोठ्यात. ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत २६ करडं झाली. आज १५ आहेत.

गेल्या वर्षापासून बायकोने एक वही घातली आहे. कोणती शेळी कधी व्यायली, किती करडं झाली, कोणतं कधी गेलं. मी तिला हसायचो, आता हसत नाही. वहीतला हिशेब असा: पहिल्या तीन दिवसांत गेलेली ७, महिना-सव्वा महिन्याची होऊन रक्ताची हगवण लागून गेलेली ३, कुत्र्याने नेलेलं १.

औषधाला कमी केलं नाही. जंताचं पाजलं, टॉनिक पाजलं, हगवण लागल्यावर पुन्हा जंताचं पाजलं. गावात म्हणतात, शेळीचं असंच असतं, निम्मी जगली तरी मिळवली. खरंच असंच असतं का?

बाभूळबन | १२ फेब्रुवारी, रात्री १०.१५

असंच नसतं. माझ्याकडे लातूर बाजूला ४० शेळ्या आहेत. मलाही पहिली दोन वर्षं हेच वाटायचं. गोठ्याची जमीन कशी आहे? मुरूम की माती? ओल येते का? डालग्यात, म्हणजे करडं झाकायच्या मोठ्या टोपलीत, किती करडं कोंडता?

कोरडवाहू | १२ फेब्रुवारी, रात्री १०.३०

माती आहे. पाण्याचा हौद आतच, त्यामुळे त्या कोपऱ्यात कायम चिखल. डालगी दोन आहेत. लहानमोठी सगळी करडं त्यातच.

शहरी बोका | १२ फेब्रुवारी, रात्री ११.०५

माझ्याकडे कुंडीतलं तुळशीचं रोपही जगत नाही, त्यामुळे सल्ला नाही. पण धागा वाचतोय. ‘करोडपती शेळीपालन’ छापाचे व्हिडिओ बघितलेत, त्यांत कधी कुणाचं करडू मेलेलं पाहिलं नाही.

थर्मास | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

मी निवृत्त पशुवैद्य. पहिल्यांदा तुमच्या सौभाग्यवतींना नमस्कार सांगा. ३४ वर्षांच्या नोकरीत अशी वही ठेवणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

तुमचे ११ मृत्यू ही एक भानगड नाही, तीन वेगळ्या भानगडी आहेत. रक्ती हगवणीचं आधी सांगतो, कारण तिथे तुमचे पैसे वाया गेलेत. तीन आठवडे ते चार-पाच महिने वयाच्या करडांना रक्ताची हगवण लागली, तर पहिला संशय कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीवर घ्यायचा. हा जंत नव्हे. त्यामुळे जंताचं औषध त्याला लागू पडत नाही, कितीही पाजा. त्याला अँप्रोलियम किंवा सल्फा गटातलं औषध लागतं, तेही लेंडी तपासून, वजनावर मात्रा काढून.

तो वाढतो ओलीत आणि गर्दीत. मोठी जनावरं लेंडीतून त्याची अंडी टाकत राहतात, त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही. ओल्या मातीत ती अंडी दोन-तीन दिवसांत पिकतात आणि करडू तीच माती चाटतं. तेव्हा हौद गोठ्याबाहेर काढा. डालग्याखालचा पाचोळा रोज बदला. महिन्याचं करडू आणि आठ दिवसांचं करडू एकत्र कोंडू नका. चारा खाली टाकू नका, जुडी बांधून टांगा. पाण्याचं भांडं इतकं उंच ठेवा की त्यात पाय घालता येणार नाही.

पहिल्या सात करडांबद्दल मात्र मला प्रश्न विचारायचे आहेत. ती रात्री जन्मली की दिवसा? एकटी की जुळी? आणि चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, कधी पाजला?

कोरडवाहू | १३ फेब्रुवारी, दुपारी १.२०

डॉक्टरसाहेब, जेवायला घरी आलो आणि वही पाहिली. सातपैकी सहा रात्री जन्मलेली. सकाळी गोठ्यात गेलो तेव्हा करडं झालेली दिसली. पाच जुळ्यांतली. एका शेळीला तीन झाली होती, त्यातलं सगळ्यात बारीक गेलं. सातवं दिवसा झालं, पण शेळी माळावर व्यायली. गुराखी पोराने करडू उचलून आणेपर्यंत संध्याकाळ झाली.

चिकाबद्दल खरं सांगतो. आमच्या आबांचा नियम आहे, वार (करडामागून पडणारी झार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही. नाहीतर वार अडकते म्हणतात. वार पडायला कधी तीन तास लागतात, कधी सहा.

बाभूळबन | १३ फेब्रुवारी, दुपारी १.४५

सापडलं.

माझी आईसुद्धा हेच म्हणायची. उलट आहे, दादा. करडू सडाला लुचतं तेव्हाच गर्भाशय आवळतं आणि वार लवकर सुटते. वार पडण्याची वाट बघत आपण करडालाही मारतो आणि वारही लांबवतो.

थर्मास | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

बाभूळबन यांनी नेमकं सांगितलं. त्यामागचं कारण जरा सविस्तर लिहितो, आबांना वाचून दाखवता येईल.

माणसाचं मूल आईच्या पोटातच काही रोगप्रतिकारक शक्ती घेऊन येतं. शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्यात तसं होत नाही. त्यांची वार ते द्रव्य पलीकडे जाऊ देत नाही. करडू जन्मतं ते कोऱ्या पाटीसारखं. सगळी शिदोरी चिकात असते आणि ती आतड्यातून रक्तात उतरायचं दार पहिले काही तासच सताड उघडं असतं. १२ तासांनी ते बरंचसं लोटलेलं असतं, २४ तासांनी जवळपास बंद. म्हणून पहिला चीक अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवसाचं माप म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा. दोन किलोच्या करडाला २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. सहा तास वाट बघायची म्हणजे दार लोटलं जात असताना उंबऱ्यावर उभं राहायचं.

दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबरात माणच्या माळावर पहाटे काय गारठा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. ओलं करडू, अंगावर चरबी नाही, पोटात चीक नाही. ते रोगाने मरत नाही, थंडीने आणि भुकेने मरतं. तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं तर आधी ऊब द्या, मग दूध. थर्मामीटर असेल तर गुदद्वारात लावा. १०२ फॅरनहाइटच्या आसपास हवं. ९९ च्या खाली असेल तर पाजायची घाई करू नका. गारठलेल्या करडाला गिळता येत नाही आणि दूध फुफ्फुसात जातं.

पुढच्या वेळी करडू मेलं तर ओढ्यात टाकू नका, दवाखान्यात न्या. पोट उघडल्यावर आत दुधाचा थेंब नसेल आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी संपलेली असेल, तर तो उपासमारीचा पंचनामा. मोठं जनावर अचानक मेलं आणि नाका-गुदातून काळं रक्त येत असेल, तर मात्र ते कुणीही उघडायचं नाही. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो आणि तो माणसालाही होतो.

पाऊलवाट | १३ फेब्रुवारी, रात्री ८.५०

दादा, मी पशुसखी आहे, जत भागात काम करते. बचत गटातल्या बायकांच्या शेळ्या बघते. आमच्याकडेही वारेचं हेच होतं. वाद घालून उपयोग झाला नाही. मी एका म्हातारीला म्हटलं, मावशी, एका करडाला तुमच्या पद्धतीने पाजू आणि एकाला माझ्या. ती म्हणाली, माझं कशाला मारतीस, दोन्ही तुझ्याच पद्धतीने पाज! म्हणजे तिलाही आतून माहीत होतंच.

व्यायल्यावर आम्ही काय करतो ते लिहिते. आधी नाकातोंडातला चिकटा पुसायचा. आईपुढे ठेवायचं, तिला चाटू द्यायचं. नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून दोऱ्याने बांधायची, दोऱ्याच्या पुढे नव्या ब्लेडने कापायची आणि टिंक्चर आयोडीनच्या वाटीत बुडवायची. शेण, राख, हळद काही लावायचं नाही. नाळेतून घाण आत गेली की पंधरा दिवसांनी गुडघे सुजतात आणि आपण म्हणतो करडू पायाने अधू निघालं.

मग सड. पहिल्या दोन-तीन धारा आपण काढून टाकायच्या. सडाच्या तोंडाला मेणासारखं बूच असतं, अशक्त करडाला ते फुटत नाही. बाटलीसारखे जाड सड असलेली शेळी असेल तर करडू दिवसभर तोंड मारतं आणि उपाशीच राहतं. तिचा चीक पिळून पाजावा लागतो. तुमच्या वहीत बघा बरं, मेलेली करडं ठरावीक शेळ्यांचीच आहेत का?

कोरडवाहू | १३ फेब्रुवारी, रात्री ९.२५

ताई, अंगावर काटा आला. सातपैकी दोन एकाच शेळीची आहेत, आणि तिच्या आधीच्या वेतातलंही एक गेलेलं. जाड सड आहेत तिचे. आम्ही तिला ‘दुधाची’ म्हणून कौतुकाने ठेवलीय.

वायकाटो | १४ फेब्रुवारी, पहाटे ४.१०

इथे न्यूझीलंडमध्ये एका डेअरी फार्मवर काम करतो, मूळ कोपरगावचा. आमच्याकडे वासरांचा प्रश्न, पण गोष्ट तीच. आल्या आल्या पहिल्या हंगामात मला चीक मोजायचं यंत्र हातात दिलं. ऊस कारखान्यात रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडवा, बघतात ना, तेच. २२ किंवा वर आलं तर चीक चांगला, तो नवजात वासराला. खाली आलं तर मोठ्या वासरांना. मला हसू आलं, आमच्या भागात हेच यंत्र उसाच्या फडात बघितलं होतं.

चांगला चीक जास्तीचा निघाला की लहान बाटल्यांत गोठवून ठेवतो. रात्री अडचण आली की कोमट पाण्यात ठेवून वितळवायचा.

बाभूळबन | १४ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

फक्त तो गॅसवर ठेवू नका. माझ्या पुतण्याने ठेवला होता. खरवस झाला. सगळ्यांनी गूळ घालून खाल्ला, करडू उपाशी.

हिशेबी | १४ फेब्रुवारी, सकाळी १०.००

मी बँकेत होतो, शेळ्यांची कर्जप्रकरणं बघायचो. प्रस्तावात सगळे करडं जन्मण्याचा आकडा लिहून आणायचे, विकण्याचा आकडा कुणाकडेच नसायचा. आईने पाच महिने खाल्लेलं, तुम्ही राखलेलं, सगळं त्या करडात असतं. ते तिसऱ्या दिवशी गेलं तरी खर्च पूर्ण झालेला असतो. चार शेळ्या वाढवण्याऐवजी चार करडं वाचवणं स्वस्त. त्याला कर्ज लागत नाही.

आणि एक विचारतो. शेळ्या रात्री व्याल्या, ठीक. पण आज रात्री व्यायणार हे तुम्हाला आधी का कळलं नाही?

कोरडवाहू | १४ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

बोकड कळपातच असतो बारमाही. कोणती कधी फळली कुणाला माहीत. कास भरली की समजतं आता महिन्याभरात कधीतरी.

थर्मास | १४ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

हिशेबी, तुम्ही बँकेत नको होता, आमच्या खात्यात हवा होता.

कोरडवाहू, बोकड वेगळा बांधा. शेळी माजावर आली की बोकडाला दाखवा आणि तारीख वहीत घाला. गाभणकाळ १५० दिवस, चार-पाच दिवस इकडेतिकडे. जुलैच्या मध्यात फळलेली शेळी डिसेंबरच्या मध्यात, ऐन गारठ्यात व्याते. तुमची बरीच करडं तशीच झाली असणार. तीच मेअखेर फळली तर ऑक्टोबरअखेर व्याते. थंडी कमी, पावसाचा चारा अजून हिरवा आणि डिसेंबर येईपर्यंत करडू महिन्याचं.

तारीख कळली की आणखी दोन कामं जमतात. शेवटच्या दीड महिन्यात पोटातल्या करडाची सत्तर टक्के वाढ होते. तेव्हा शेळीला माळावर सोडून भागत नाही, रोज पाव किलोच्या आसपास खुराक लागतो. जुळी पोटात असली तर जास्तच. आणि विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषाराच्या (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाच्या) लसीचा डोस द्यायचा, म्हणजे त्याची ताकद चिकात उतरते. हीच लस दरवर्षी पावसाळ्याआधी सगळ्या कळपाला. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर तुटून पडलेली, कालपर्यंत धडधाकट शेळी सकाळी ताठ होऊन पडलेली सापडते, ती बहुतेक वेळा याचीच शिकार. तिथे औषधाला वेळच मिळत नाही.

पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस तीन महिन्यांच्या पुढच्या करडांना. एकदा नीट दिली की तीन वर्षं बघायला नको. ‘नीट’ म्हणजे बर्फात आणलेली आणि मिसळल्यावर तासाभरात संपवलेली. माझं टोपणनाव त्यावरूनच आहे. शर्टाच्या खिशातून आणलेली लस म्हणजे पाण्याचं इंजेक्शन.

रानमेवा | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.२०

मी दर महिन्याला सगळ्या कळपाला जंतनाशक देतो, औषध बदलून बदलून. मरतूक नाही. एवढं तारीख-वही करत बसायची गरज नाही. आणि सरळ मचाण करा, प्लास्टिकच्या जाळीचं. सगळे प्रश्न संपतात.

थर्मास | १४ फेब्रुवारी, रात्री ८.०५

रानमेवा, आज मरतूक नाही, आनंद आहे. पण दर महिन्याला पाजून तुम्ही नेमके तेच जंत मागे ठेवताय ज्यांना औषध लागत नाही. दोन-तीन वर्षांनी एकही औषध चालणार नाही. रक्त पिणारा हिमॉन्कस असेल तर खालच्या पापणीचा आतला रंग बघा. लाल-गुलाबी असेल तर सोडून द्या, पांढुरकी असेल तर त्याच शेळीला पाजा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी रंगांचा तक्ताच केलाय, फमाचा म्हणतात त्याला. जबड्याखाली पाणी भरलं असेल तर वाट बघू नका. आणि गाभण असण्याच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका, करडं व्यंग घेऊन येतात.

बाभूळबन | १४ फेब्रुवारी, रात्री ८.३०

मचाण चांगलं, पण कोरडवाहू भावाचा कळप दिवसभर माळावर असतो. त्याने आधी हौद बाहेर काढावा आणि मुरूम टाकावा. मचाणाच्या पैशात दोन ट्रॉल्या मुरूम येऊन वर दाराला जाळी होईल. कुत्र्याचा प्रश्नही तिथेच मिटला.

रानमेवा | १४ फेब्रुवारी, रात्री ९.००

पापणीचं माहीत नव्हतं. बघतो. पण मचाणावर मी ठाम आहे.

पाऊलवाट | १५ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

एक राहिलं. बाजारातून नवी शेळी आणली की तीन आठवडे कळपात मिसळू नका, घराच्या दुसऱ्या बाजूला बांधा. आमच्या इथे एका ताईने यात्रेआधी स्वस्तात मिळाला म्हणून बोकड आणला. दहा दिवसांत गोठ्यात नाक गळणं, तोंडात फोड, हगवण सुरू. स्वस्त बोकड तिला सात शेळ्यांना पडला. अडीअडचणीला १९६२ वर फोन करा, फिरतं पथक येतं.

कोरडवाहू | २१ मे, रात्री ९.१५

मंडळी, विसरलो नाही. हौद बाहेर गेला. मुरूम पडला. फेब्रुवारीतच बोकड वेगळा बांधला, तेव्हापासून त्याने रोज रात्री ओरडून आमची झोप घालवली. कालपासून माजावर येईल त्या शेळीला दाखवतोय. जाड सडाची विकायची म्हटलं तर आबा दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी खाटकाला न देता एका दूधवाल्याला दिली. तो हाताने पिळतो, तिचं बरं चाललंय. आंत्रविषाराचा पहिला डोस झाला. लस थर्मासातच आली, मी उघडून बघितली.

थर्मास | २१ मे, रात्री ९.५०

बोकडाची माफी मागा. बाकी उत्तम.

कोरडवाहू | २ नोव्हेंबर, रात्री ११.३०

आतापर्यंत ९ शेळ्या व्याल्या, १७ करडं. एक मेलेलंच जन्मलं. एक चौथ्या दिवशी गेलं, दवाखान्यात नेलं, फुफ्फुसात दूध होतं. बाटलीने पाजताना माझीच चूक झाली, करडाची मान वर धरली होती. बाकी १५ उड्या मारतायत. अजून चार व्यायच्या आहेत, त्यामुळे आनंदाची पोस्ट आताच नको.

परवाची गोष्ट सांगतो. वहीप्रमाणे दोन शेळ्या त्या रात्री होत्या. मी जागा राहिलो आणि अकराला डोळा लागला. दोनला जाग आली तर गोठ्यात उजेड. आबा मांडी घालून बसलेले, मांडीवर गोणपाटात करडू. वार लोंबत होती, पडली नव्हती. आणि आबा वाटीत चीक पिळत होते. मी दारात उभा राहिलो. मला बघून म्हणाले, बघतोस काय, दुसरं गार पडलंय, त्याला चुलीजवळ घे आधी.

एक विचारायचं आहे. त्याच शेळीला तिसरं करडूही झालं, दीड किलोसुद्धा नाही. आईला दोघांपुरतंच दूध दिसतंय. दुसऱ्या एका शेळीला एकच करडू आहे, तिच्या अंगावर लावता येईल का? ती हुंगते आणि ढुशी मारते.

पाऊलवाट | ३ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

दादा, त्या शेळीचीच वार किंवा चिकट पाणी शिल्लक असेल तर करडाच्या पाठीला, शेपटीला चोळा. नसेल तर तिच्या स्वतःच्या करडाचं अंग आणि ह्याचं अंग एकाच ओल्या फडक्याने पुसा. शेळीला आखूड बांधा, अंधारात लावा, दिवसातून चार-पाच वेळा. तीन-चार दिवस धरून बसावं लागेल. आबांना बसवा.